टारफुला: वरून हिरवा, मातीखाली उधारीवर

नागपूर-वर्धा रस्त्यावर सेलू लागतं. तिथून बोर धरणाकडे वळलं की हिंगणी येतं. पुढे बोर अभयारण्याचं सागाचं जंगल सुरू होतं, २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. गाव आणि जंगल यांच्या मधल्या पट्ट्यात खोलगट भागात काळी माती आणि चढावर मुरमाड जमीन असते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मी अशाच एका मुरमाड वावराच्या धुऱ्यावर उभी होते. समोर ज्वारी होती. पाऊस दोनच दिवसांपूर्वी झाला होता, माती ओली होती, तरी मधल्या पट्ट्यातली ज्वारी दुपारच्या उन्हात मान टाकून उभी होती. तिच्या बुडाशी वीतभर उंचीची, पांढऱ्या इवल्या फुलांची झाडं दाटीने आली होती.

वावराचे मालक, ज्यांना मी काकाजी म्हणते, म्हणाले, "हा टारफुला. पण मले एक सांग बाई, याचे पानं तं हिरवे आहेत ना? मंग हा माह्या जवारीचं कायले खाते?"

मी एमएस्सीला परजीवी वनस्पतींवरचं प्रकरण पाठ करून चांगले गुण मिळवले होते. पण काकाजींच्या प्रश्नाचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. "तो अर्धपरजीवी आहे" एवढं बोलून मी थांबले. ते उत्तर नव्हतं, नुसतं नाव होतं. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी आज तोच प्रश्न नीट सोडवायचा प्रयत्न करते.

आधी संज्ञा स्वच्छ करू

परजीवी सपुष्प वनस्पतींचे ढोबळ दोन गट करतात. ज्यांच्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं आणि ज्या अन्नासाठी पूर्णपणे यजमानावर विसंबून असतात, त्या पूर्ण परजीवी. अमरवेल आणि तंबाखूच्या शेतातला बंबाखू ही आपल्याकडची ओळखीची उदाहरणं. ज्यांच्यात हरितद्रव्य असतं, ज्या थोडंफार अन्न स्वतः बनवतात, पण पाणी आणि खनिजं यजमानाकडून ओढून घेतात, त्या अर्धपरजीवी.

अर्धपरजीवींमध्येही फरक आहेत. आंब्यावरचं बांडगूळ फांदीला चिकटतं, म्हणजे ते खोडावरचं. टारफुला मुळाला चिकटतो. आणि हे अनेकांना माहीत नसतं, पण चंदनसुद्धा मुळावरचा अर्धपरजीवीच आहे. चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावायला सांगतात, ती त्याच्या मुळांना आधार मिळावा म्हणून. म्हणजे 'अर्धपरजीवी' हा शब्द ऐकून लगेच 'तण' असं डोक्यात येऊ देऊ नका.

तिसरा भेद परीक्षेत बहुतेक वेळा निसटतो. काही अर्धपरजीवींना यजमान मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी त्या कशाबशा वाढून फुलतात. त्यांना वैकल्पिक म्हणतात. काहींना मात्र यजमान मिळाला नाही तर त्या रोपावस्थेतच मरतात. त्या अनिवार्य. टारफुला हिरवा असूनही या दुसऱ्या गटातला आहे. काकाजींच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच सुटतो: हिरवेपणा आणि स्वावलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओळख: फुलापेक्षा पुष्पकोश बघा

टारफुला म्हणजे स्ट्रायगा ही प्रजाती. पूर्वी ती स्क्रोफ्युलारिएसी कुलात ठेवत, आता ओरोबँकेसी कुलात आहे. जुनी वनस्पतिसूची वापरत असाल तर तिथे जुनंच कुल दिसेल, गोंधळू नका.

झाड साधारण १५ ते ३० सेंटिमीटर उंच. पानं अरुंद, खरखरीत. फूल लहान, दोन ओठांचं, आणि पाकळ्यांची नळी वरच्या बाजूला वाकलेली. त्या नळीचा बाक एकदा लक्षात बसला की ही प्रजाती चुकत नाही. जाती ओळखताना मात्र चूक होते. इंटरनेटवर स्ट्रायगा एशियाटिका शोधलं की लालभडक फुलांचे फोटो येतात, कारण ते बरेचसे आफ्रिकेतले किंवा अमेरिकेतले असतात. आपल्याकडे याच जातीची फुलं बहुधा पांढरी असतात. लाल फूल शोधत फिरलात तर पायाखालचा टारफुला दिसणार नाही.

मग जात ओळखायची कशी? भिंग घ्या आणि पुष्पकोशावरच्या उभ्या शिरा मोजा. महाराष्ट्रात सापडणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या तीन जातींपुरतं बोलायचं तर:

- स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा: ५ शिरा, फुलं दाट कणसासारखी
- स्ट्रायगा एशियाटिका: साधारण १० शिरा
- स्ट्रायगा अँगुस्टिफोलिया: साधारण १५ शिरा

हे शेतातच मोजून वहीत लिहा. टारफुल्याचं झाड हर्बेरियमसाठी दाबलं की काळं पडतं, मग फुलाचा रंगही जातो आणि बारकावेही धूसर होतात. "घरी जाऊन बघू" असं म्हणून मी माझे पहिले तीन नमुने असेच वाया घालवले.

वस्ती: भुकेली जमीन

टारफुला खोल काळ्या, सुपीक मातीपेक्षा हलक्या, उताराच्या, नत्र-स्फुरद कमी असलेल्या जमिनीत जास्त दिसतो. ज्वारी, मका, ऊस, कोदो हे त्याचे शेतातले यजमान, कारण ही सगळी गवतकुळातली पिकं. रानात तो रानगवतांवर वाढतो. तिथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इतर फुलांच्या गर्दीत एक पांढरं रानफूल म्हणून दिसतो आणि कुणाचं फारसं बिघडवत नाही. शेतात मात्र एकाच यजमानाची हजारो झाडं रांगेत मिळतात, तीही वर्षानुवर्षं. तेव्हा त्याच रानफुलाचं तण होतं.

पण हलकीच जमीन का? याचं उत्तर मिळायला जगाला बराच काळ लागला. आणि त्या उत्तराची वाट चक्क कपाशीच्या मुळातून जाते.

बी ऐकतं कसं

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, पाव मिलिमीटरच्या आसपास. एका झाडाला हजारोंनी, चांगलं वाढलेल्या झाडाला पन्नास हजारांवरही बिया येतात. त्या मातीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतात. एवढ्याशा बियात शिदोरी किती असणार? रुजल्यावर त्याचं मूळ काही मिलिमीटरच वाढू शकतं, आणि काही दिवसांत यजमानाचं मूळ सापडलं नाही तर खेळ संपतो. म्हणून बी आधी ओल आणि ऊब घेऊन आठवडा-दोन आठवडे तयार होतं आणि मग वाट बघतं. जवळ यजमानाचं मूळ असल्याची रासायनिक खूण मिळाली तरच रुजतं.

ही खूण कोणती? १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांत मक्यावर टारफुला सापडला आणि तिथे धावपळ सुरू झाली. त्या शोधातून १९६६ मध्ये कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पदार्थ वेगळा काढला. अत्यल्प प्रमाणातही तो बी रुजवायचा. त्याला स्ट्रायगोल नाव मिळालं. तो त्यांनी मक्याच्या किंवा ज्वारीच्या मुळांतून काढला नव्हता, तर कपाशीच्या मुळांच्या स्रावातून काढला होता!

इथे जरा थांबा. कपाशी टारफुल्याची यजमान नाही. तिच्या मुळांच्या हाकेला बी रुजतं, पण चिकटून जगता येत नाही आणि ते मरतं. अशा पिकाला खोटा यजमान किंवा सापळा पीक म्हणतात. वर्धा जिल्हा कापसाचा. आमच्याकडची पऱ्हाटी टारफुल्याला खोटी हाक देते, हे मी नागपूरच्या ग्रंथालयात बसून वाचलं तेव्हा मला आधी काकाजींचं वावर आठवलं.

पण कपाशी काय किंवा ज्वारी काय, शत्रूला बोलावणारं रसायन मुळातून सोडतातच कशाला? जवळजवळ ४० वर्षं हे कोडं होतं. २००५ मध्ये जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की याच गटातली रसायनं, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन, मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना फांद्या फोडायला लावतात. ही बुरशी वनस्पतीला स्फुरद मिळवून देते. म्हणजे हाक मित्रासाठी असते, ती चोर ऐकतो. २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी आणखी दाखवलं की हीच रसायनं वनस्पतीच्या आत संप्रेरक म्हणून काम करतात आणि खोडाला किती फांद्या फुटाव्यात हे ठरवतात.

आता हलक्या जमिनीचं कोडं जुळवून बघा. स्फुरद कमी पडला की मूळ बुरशीला जास्त जोरात हाक मारतं, ज्वारीत नत्राच्या कमतरतेनेही तसं होतं. हाक वाढली की टारफुल्याचं बीही जास्त रुजतं. भुकेल्या जमिनीत टारफुला का, याचं एक मोठं कारण हे.

चिकटल्यावर काय होतं

मूळ यजमानापर्यंत पोचलं की त्याच्या टोकाशी गाठ तयार होते. हे शोषकमूळ. तेसुद्धा आपोआप होत नाही. यजमानाच्या मुळातून निघणारी क्विनोन जातीची रसायनं त्याला ती खूण देतात. मग ते सालीतून घुसून ज्वारीच्या जलवाहिन्यांना जोडलं जातं.

पाणी नेहमी ओढ जास्त तिकडे जातं. टारफुल्याची पर्णरंध्रं बऱ्याच वेळ उघडी राहतात, पाण्याचा ताण असतानाही नीट मिटत नाहीत. त्यामुळे तो ज्वारीपेक्षा जोरात पाणी खेचतो, आणि पाण्याबरोबर नत्र आणि खनिजं. त्याचं स्वतःचं प्रकाशसंश्लेषण कमकुवत असतं, म्हणून तयार अन्नाचा काही भागही तो ज्वारीकडूनच घेतो. ओल्या मातीत ज्वारी मान टाकते ती अशी.

गोष्ट इथे संपत नाही. ज्वारीचं नुकसान टारफुल्याने प्रत्यक्ष घेतलेल्या अन्नपाण्याच्या हिशोबापेक्षा जास्त भरतं. त्याच्या चिकटण्याने ज्वारीचं संप्रेरकांचं गणित बिघडतं, तिची पानं स्वतःच कमी काम करू लागतात, ती खुजी राहते. आणि हे सगळं बहुतांशी टारफुला जमिनीच्या वर दिसण्याआधी घडतं, कारण आधी कित्येक आठवडे तो मातीखाली, पूर्णपणे ज्वारीच्या जिवावर असतो. आपण ज्याला 'अर्ध' परजीवी म्हणतो, तो आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात पूर्ण परजीवीच असतो. त्याची हिरवी पानं म्हणजे गोष्टीचा शेवटचा भाग.

काकाजींना मी पुढच्या खेपेला हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे फूल दिसलं तवा उपटून फायदा नाही?"

फायदा आहे, पण या वर्षीच्या ज्वारीला नाही. बी पडण्याआधी उपटलं तर पुढच्या दहा वर्षांच्या ज्वारीला. ही दोन वाक्यं वेगळी करून सांगता आली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की वाचलेलं कामाला आलं.

माझी चूक, तुमच्यासाठी धडा

आता पद्धतीकडे येते. पहिल्या हंगामात मी टारफुल्याची झाडं हाताने उपटली, ज्वारीची मुळं शेजारून खणली आणि दोन्ही पिशवीत घालून आणली. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "जोड कुठे आहे?" जोड नव्हता. उपटताना तो तुटला होता. 'ज्वारीजवळ वाढत होता' आणि 'ज्वारीला चिकटला होता' यात फरक आहे, आणि माझ्याकडे फक्त पहिल्याचा पुरावा होता. शेजारी गवतही होतं. टारफुला त्या गवतावर नव्हता हे मी कशावरून सांगणार होते?

म्हणून कोणत्याही मुळावरच्या अर्धपरजीवीवर काम करायचं असेल तर:

१. झाड उपटू नका. दोन्ही झाडांसकट मातीचा ढेकूळ कापून काढा.

२. ढेकूळ बादलीत काही तास भिजत ठेवा. माती आपोआप सुटू द्या, वरून हळू पाणी सोडा. घाई केली की जोड तुटतो.

३. जोड सापडला की त्याचा फोटो काढा, मग छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जलवाहिन्या एकमेकींना जोडल्या आहेत का हे दिसलं पाहिजे. नुसतं चिकटणं पुरेसं नाही. काही शोषकमुळं दगडाला आणि मेलेल्या मुळालाही चिकटलेली सापडतात.

४. शक्य असेल तर कुंडीत प्रयोग करा: यजमानासह आणि यजमानाशिवाय. अनिवार्य की वैकल्पिक हे यावरूनच कळतं.

५. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर यजमानाचं नाव लिहा, आणि ते जोड बघून लिहिलं की अंदाजाने, हेही लिहा.

आणि दोन गोष्टी पद्धतीच्या पुस्तकात नसतात. पहिली, बोरच्या जंगलातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गवताचं पातंही आणायचं नाही. वावरातून आणायचं तर शेतकऱ्याला विचारून. दुसरी, टारफुल्याचं बी म्हणजे धूळ. ते बुटाला, पिशवीला, खुरप्याला चिकटून जातं. पिकलेली बोंडं उघड्या पिशवीत घालून महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर नेऊ नका. कुंडीतली माती आणि उरलेला नमुना जाळून किंवा उकळूनच टाका. आपल्या प्रबंधापायी दुसऱ्याच्या वावरात दहा वर्षांची कटकट पेरायची नाही.

उपयोग: काय सांगावं, काय सांगू नये

रानफुलांवर लिहिलं की "औषधी उपयोग काय?" हा प्रश्न येतोच. याच कुलातली टारफुल्याची एक नातलग आपल्या राज्यात आहे, दुधाळी, म्हणजे सोप्युबिया डेल्फिनिफोलिया. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर पावसाळ्याअखेर तिची गुलाबी फुलं दिसतात. तीही मुळावरची अर्धपरजीवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डायमॉक आणि सहकाऱ्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका'त नोंद केली आहे की पाण्या-चिखलात काम करून पायाला पडणाऱ्या जखमांवर, म्हणजे आपण ज्यांना चिखल्या म्हणतो त्यांवर, तिचा रस लावतात, आणि त्याने कातडीवर आधी पिवळा, मग काळा डाग पडतो. ही वापराची नोंद आहे. गुण येतो याचा तो पुरावा नाही. प्रबंधात लिहिताना 'लोक वापरतात' आणि 'उपयुक्त आहे' ही वाक्यं वेगळी ठेवा.

टारफुल्याचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र वेगळाच झाला. या तणामुळे वनस्पतिशास्त्राला एक अख्खा संप्रेरकांचा गट सापडला. आणि त्याच्याशी झुंजताना ज्वारीचे प्रतिकारक वाण हाती आले. भारतीय ज्वारीतला एन-१३ हा वाण मुळाच्या पेशीभित्ती जाड करून शोषकमुळाला आत येऊ देत नाही. दुसऱ्या काही वाणांच्या मुळांची हाकच कमी असते. दुष्काळ आणि टारफुला दोन्हींना तोंड देणाऱ्या ज्वारीसाठी गेबिसा एजेटा यांना २००९ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.

मोकळा प्रश्न

काकाजी ज्वारी लावतात ती मुख्यतः बैलांच्या कडब्यासाठी आणि घरच्या भाकरीसाठी. जंगलाच्या कडेला रानडुकरं पीक लोळवतात, पाखरं कणसं खातात, त्यात टारफुला. आजूबाजूच्या अनेकांनी ज्वारी सोडली. काकाजींनी मला सरळ विचारलं, "दोन साल पऱ्हाटी लावून मंग जवारी घेतली तं हा कमी होईन का?"

कागदावर उत्तर "होऊ शकतो" असं आहे. पण कपाशीचे सगळे वाण सारखी हाक देत नाहीत. आणि बियांचा साठा दहा वर्षांचा असेल तर दोन वर्षांत त्यातला किती रिकामा होणार? शिवाय कपाशीच्या ओळींत गवत राहिलं तर टारफुला त्या गवतावर तग धरू शकतो. या वावरात, या मातीत, इथल्या वाणांवर हे मोजल्याशिवाय मी त्यांना होकार देऊ शकत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. तोवर जे पक्कं आहे ते करायला सांगितलं: बोंडं पिकण्याआधी झाडं उपटून जाळा, त्या पट्ट्यातलं बियाणं ठेवू नका, वखर-डवरा तिथून दुसऱ्या वावरात नेताना माती झाडून न्या, शेणखत तिथे जास्त टाका, आणि ज्वारीवर ज्वारी घेऊ नका.

माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आता त्याच प्रश्नावर आहे. कपाशीचे वाण, कपाशीआधी आणि कपाशीनंतर मातीतल्या बियांची मोजणी, शेजारी तुलनेसाठी कपाशी न लावलेला पट्टा. काकाजींनी त्यासाठी धुऱ्यालगतच्या सहा ओळी दिल्या आहेत.

तुम्ही विषय शोधत असाल तर एक छोटं काम करून बघा. तुमच्या महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये जा, स्ट्रायगा किंवा सोप्युबियाचे नमुने काढा आणि चिठ्ठीवर यजमानाचं नाव आहे का बघा. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ती जागा कोरी असेल. माझ्या पहिल्या तिन्ही चिठ्ठ्यांवरही ती कोरीच होती. यंदा मी बादली बरोबर नेते आहे.